बाराच्या खालचं दुखणं

दुखणं मोजायला माझ्याकडे सोळा चिंचोके होते. खणाच्या लाल पिशवीत घातलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले. आज सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा ती पिशवी गळ्यात अडकवून मी गावभर मिरवत असे.

मोठ्या दुष्काळानंतरची ही दोन-तीन वर्षं. दुष्काळात आमच्या भागातल्या बायका कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. दुष्काळ सरला, कॅनॉलला पाणी आलं, पण त्यांच्या कमरा आणि गुडघे काही ताळ्यावर आले नाहीत. पुण्याच्या एका डॉक्टरांनी हे हेरलं आणि शिरूर-दौंडकडच्या काही गावांत अशा जुनाट दुखण्यांची पाहणी करायचं ठरवलं. घरात शिरून बायकांशी बोलायला त्यांना बाईमाणूस हवं होतं. मी शिरूरची, समाजकार्याचा कोर्स करून घरी बसलेली, आलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढून आईच्या डोक्याला ताप झालेली. मला घेतलं. औषधपाण्यातलं मला काडीचं कळत नव्हतं, पण मला फक्त विचारायचं आणि लिहायचं होतं.

डॉक्टरांनी छापील कागद दिले होते. कागदावर एक आडवी रेघ. एका टोकाला 'दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'सहन होत नाही'. बाईनं रेघेवर फुली मारायची. कवठे येमाईत पहिल्याच दिवशी एका आजीनं ती रेघ उलटसुलट न्याहाळली आणि विचारलं, "ह्यो रस्ता कुठं जातो गं?" त्यानंतर मी रेघेचा नाद सोडला. चिंचोक्यांची युक्ती माझी. पुरं म्हणजे सोळा, हे त्या पिढीच्या डोक्यात आण्यांमुळे पक्कं बसलेलं. म्हणून सोळा चिंचोके पुढ्यात टाकायचे आणि सांगायचं, "तुमचं दुखणं जेवढं असेल तेवढे उचलून माझ्या हातावर ठेवा." बायकांना ते चटकन जमलं. डॉक्टरांनी शाबासकी दिली, गावांनी मला 'चिंचोकेवाली बाई' हे नाव दिलं, आणि मी दोन्हींवर खूश होते.

विचारायची पद्धत साधी होती. घरातल्या सगळ्या बायका ओसरीवर बसायच्या. आधी सासू, मग थोरली सून, मग धाकटी. एकेकीनं चिंचोके ठेवायचे, मी वहीत आकडा टाकायचा. काही महिन्यांत मला एक गोष्ट दिसली. सासूचा आकडा मोठा, थोरल्या सुनेचा त्याहून लहान, धाकटीचा आणखी लहान. घर कोणतंही असो, उतरण तशीच. मी तो शोध डॉक्टरांपुढे ठेवला, की वय वाढतं तसं दुखणं वाढतं. त्यांनी तो कौतुकानं लिहून घेतला. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही, हे कबूल करायला हवं.

आता जीपची गोष्ट. दौंड तालुक्यातलं काम सुरू झालं तेव्हा मी खुटबावात खोली घेऊन राहिले. आठवड्यातून दोनदा पुण्याहून पाहणीची जीप यायची. त्या भागात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडी, नाहीतर बाज आणि चार खांदे. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या जीपवर सगळ्यांचा डोळा. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "कुणी फारच अत्यवस्थ असेल तर जीपनं दौंडला पोचवा. तारतम्य तुमचं." आता तारतम्य म्हणजे काय, हे कुठं लिहिलेलं असतं? एकाला केडगावच्या बाजाराला जायचं असायचं, एकाला मुलगी बघायला, आणि दोघांच्याही पोटात अचानक कळ यायची. शेवटी मी वैतागले आणि जाहीर करून टाकलं, बारा चिंचोके किंवा त्याच्यावर असतील तरच जीप. बाराच्या खाली असेल त्यानं जीपचं नाव काढायचं नाही. नियम केल्यावर डोकं शांत झालं. कुणाचा चेहरा बघायला नको, कुणाची गयावया ऐकायला नको.

चैत्राचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारचे आप्पा खोलीवर आले. साठीचे, भाजीच्या मळ्यात राबून वाळलेले, मोजकं बोलणारे. म्हणाले, "बाई, जरा आमच्या शेजारी चला. म्हातारीचा गुडगा लईच सुजलाय. आन् सूनबी रातीपासनं पोट धरून पडलीय." ते घर माझ्या वहीतलं होतं. सासू, तिचा एकुलता मुलगा आणि सून. सून पंचविशीची, कंबरदुखीनं कायम एका अंगाला कललेली. ती आल्याचं भांड्यांच्या आवाजावरून कळायचं, बोलण्यावरून कधी कळलं नाही.

मी गेले. सासूचा गुडघा खरंच तांबडालाल झाला होता, अंगात ताप होता. तिनं न कण्हता बारा चिंचोके मोजून माझ्या हातावर ठेवले. खोटं बोलणाऱ्यातली ती बाई नव्हती. आतल्या खोलीत सून वाकळेवर मुटकुळं करून पडली होती. सकाळी एक जाणती बाई येऊन तिची बेंबी सरकली म्हणून पोट चोळून गेली होती. आमच्याकडे पोटात दुखलं की आधी बेंबी बघतात, मग बाकीचं. मी वहीतल्या 'घरगुती उपचार' या रकान्यात तेही नीट लिहिलं.

"किती दुखतंय?" मी विचारलं आणि चिंचोके तिच्या पुढ्यात ओतले.

सासू उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती. सुनेनं पदर पुढं ओढला, सासूकडं एकदा पाहिलं आणि चिंचोके ठेवले. नऊ. तिच्या कपाळावर घाम होता, पण चैत्रात कुणाच्या कपाळावर नसतो? ओठ फिकट दिसले. पण ती एरवीही फिकटच. नऊ म्हणजे बाराच्या खाली. तिची कंबर नेहमीच दुखते, आता पोट दुखतंय, असं मी स्वतःला समजावलं. मनात कुठंतरी खटकलं होतं, पण आकड्यापुढं मी ते रेटलं नाही. माझाच नियम, मीच कसा मोडू?

सासूला मुलानं उचलून जीपमध्ये बसवलं आणि तोही तिच्याबरोबर निघाला. "दुपारच्या आत आणून सोडतो," ड्रायव्हरमामा म्हणाले. जीप धुरळा उडवत गेली. मी वही घ्यायला परत आत आले.

"आत्याबाई गेल्या?" सुनेनं विचारलं.

"गेल्या."

"लांब?"

"कॅनॉलच्या पुलापलीकडं गेली असेल जीप."

तिनं हात लांब करून माझी पिशवी ओढली. चिंचोके एकेक करून माझ्या तळहातावर ठेवायला लागली. नऊ झाले, बारा झाले, ती थांबेना. सोळावा ठेवला, पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाली, "अजून हायती का?"

मला आधी काही उमगेचना. "अगं मग मघाशी नऊ का ठेवलेस?"

"आत्याबाईंनी बारा ठिवलं हुतं," ती म्हणाली. "त्येंच्या म्होरं मी जास्त कसं ठेवू, बाई? सुनेचं दुखणं सासूपरीस मोठं आसतंय व्हय?" मग ती गुडघे पोटाशी घेऊन वाकळेत तोंड दाबून कण्हायला लागली. तो आवाज इतका वेळ तिनं कुठं ठेवला होता कोण जाणे.

मी धावत रस्त्यावर आले. जीप दिसत नव्हती, धुरळाही खाली बसला होता. फोन गावात नाही. ट्रॅक्टर एक होता, तो ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. ज्याच्याकडे मोटरसायकल होती तो कोर्टाच्या तारखेला पुण्याला. मी दारोदार विचारत फिरले आणि प्रत्येक दारात मला तेच उत्तर, "तुमची जीप हाय की." माझी जीप! मला रडू फुटायला आलं.

आप्पा म्हणाले, "गाडी जुपू का? केडगावात रेल्वे गाठू." पण मी नको म्हटलं. आपण बैलगाडीनं आडवाटेनं जायचो आणि इकडं जीप परत यायची, चुकामूक व्हायची. दौंड ते किती लांब? गुडघा दाखवून येतीलच तासाभरात. मी तासभर थांबायचं ठरवलं, आणि त्या तासात काय केलं तर तिच्या कपाळाला ओला फडका लावला आणि रस्त्याकडं कान लावून बसले. तिनं मध्येच सांगितलं की खांदा दुखतोय. पोट दुखणाऱ्या माणसाचा खांदा का दुखावा, हे मला माहीत नव्हतं. वहीत त्याला रकानाही नव्हता. पाणी मागितलं, दिलं. ते उलटून पडलं. पुढं तिनं अगदी हळू सांगितलं, "दोन म्हैनं झालं, बाजूला बसले न्हाई मी. कुणाला सांगितलं न्हाई. आधीची दोन ऱ्हायली न्हाईत, म्हून म्हनलं जरा थांबून सांगावं." याचा आणि पोटदुखीचा संबंध असेल एवढं मला कळलं. काय संबंध, ते कळलं नाही.

तास गेला, जीप आली नाही. आप्पांनी न विचारताच बैल जुंपले होते. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, वर बारदानाची सावली. आम्ही तिला उचलून ठेवलं तेव्हा ती मला लहान मुलीएवढी हलकी लागली. केडगावचा रस्ता तेव्हा नुसता खडीचा. चाक प्रत्येक खडीवर उचलून आपटायचं आणि तिचा जीव वर यायचा. आप्पा बैलांना हळू घ्यायचे, मग मी म्हणायचे लवकर चला, मग आप्पा हाकायचे, मग ती कळवळायची आणि मीच म्हणायचे, "आप्पा, हळू." शेवटी आप्पा तिरसटून म्हणाले, "बाई, येक काय ते सांगा." मला एक काही सांगता येईना. रस्त्यावरची ती खडी कदाचित तिनंच फोडली असेल, असं मनात आलं आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

केडगावात स्टेशनजवळच्या दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टर व्हिजिटला गेले होते. दौंडकडची रेल्वे दोनची, ती उशिरा होती. स्टेशनमास्तरांनी खोलीतलं बाकडं रिकामं करून दिलं, पंखा लावला, दौंडला निरोपही धाडला. सगळे आपापल्या परीनं चांगलेच वागत होते, आणि तरी काही घडत नव्हतं. हेच मला सोसवत नव्हतं. कुणी वाईट वागलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

करायला काहीच नव्हतं म्हणून मी वही उघडली. पानामागून पान उलटत गेले. सासू अकरा, सून आठ. सासू सात, सून पाच, धाकटी तीन. कवठे येमाईतली घरं, खुटबावातली घरं, एकाही घरात सुनेचा आकडा सासूच्या वर नव्हता. वय वाढतं तसं दुखणं वाढतं म्हणे! एवढ्या बायकांनी माझ्या तोंडावर मर्यादा पाळली होती आणि मी ती दुखणं म्हणून लिहून घेतली होती. मी स्वतः आईसमोर मोठ्यानं बोलणारी, म्हणून मला वाटलं सगळ्याच बोलतात. एकीलाही मी एकटीला विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की वही तिथंच टाकून द्यावीशी वाटली.

गाडी आली. आप्पांनी तिला डब्यात चढवलं आणि ते बैलांपाशी मागं राहिले. लोकांनी भराभर बाकडं मोकळं केलं, एका बाईनं तिच्या डोक्याखाली स्वतःचं गाठोडं दिलं. दौंड जवळ आलं, यार्ड दिसायला लागलं, आणि गाडी आऊटर सिग्नलला उभी राहिली. दौंड जंक्शन, तिथं गाड्या थांबवून ठेवायच्या हे नेहमीचंच. पण त्या दिवशी मी खिडकीतून लाल सिग्नलकडं बघत होते आणि माझ्या हातातला तिचा हात गार पडत चालला होता. नाडी मोजायला गेले तर ती इतकी पळत होती की मोजताच येईना. मोजणं एवढी एकच गोष्ट मला येते असं मला वाटत होतं.

स्टेशनवरून टांगा केला. दवाखान्याच्या आवारात शिरलो तर पुढ्यात आमची जीप उभी. एक्स-रेवाल्याची दुपारची सुट्टी होती, म्हणून सगळे चार वाजायची वाट बघत बसले होते. मुलगा धावत आला, आम्ही तिला आत नेलं. सासू आतल्याच खोलीत बाकावर बसली होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, त्यांच्यापुढं रांग होती. त्यांनी सुनेला विचारलं, "कुठं दुखतंय? फार दुखतंय का?"

सुनेची नजर सासूवर गेली. ज्या हातात उचलायचं बळ उरलं नव्हतं तो हात तिनं उचलला आणि पदर पुढं घेतला.

"न्हाई वो," ती म्हणाली. "थोडंच."

मी ओरडलेच. "डॉक्टर, तिचं ऐकू नका! सोळाच्या वर आहे. ती आत्याबाईंसमोर सांगायची नाही, मेली तरी सांगायची नाही!" शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

सासूनं माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं, पण तो आला नाही. "मी हाय म्हून व्हय?" ती हळूच म्हणाली. भिंतीला धरून ती उठली. मुलगा आधार द्यायला आला, त्याला तिनं बाजूला केलं.

"मी भाईर जाते," ती सुनेला म्हणाली. "तू वरड. पोरी, वरड तू." आणि तो सुजलेला पाय ओढत ती पडद्याबाहेर गेली.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सून ओरडली. तो आवाज आवारातल्या कडुलिंबापर्यंत गेला असेल. मग डॉक्टरांची घाई वेगळी झाली. सलाईन लावली, मला बाजूला घेऊन सांगितलं की गर्भ नळीत राहिलाय, नळी फुटलीय, पोटात रक्त साचलंय. "सकाळी आणायचं होतं," एवढंच ते म्हणाले. ऑपरेशन आणि रक्त पुण्यातच मिळणार होतं. दुसरी गाडी नव्हती. आमची जीप होती.

ड्रायव्हरमामांनी मागची एक बाजू मोकळी केली. सुनेला आडवं घातलं, मुलगा तिचे पाय धरून बसला, मी सलाईनची बाटली धरून. सासूला गुडघ्यासकट दौंडात सोडता येईना, तिला पुढं बसवलं. बसताना ती माघारी न बघताच म्हणाली, "मी म्होरं तोंड करून बसते. माज्याकडं बगू नगस. तुला वरडायचं तेवढं वरड."

आणि ती खरंच तशी बसली. पदर डोक्यावरून घेतलेला, मान ताठ, नजर सोलापूर रस्त्यावर. सून ओरडत राहिली. पाटसपर्यंत ओरडली, चौफुल्यापर्यंत कण्हली. मुलगा नुसता "व्हईल, व्हईल आता" म्हणत होता. मी आधी बाटली उजव्या हातात धरली, मग डाव्या. यवतच्या अलीकडं ऊन कलतं झालं होतं. तिथं तिचा आवाज थांबला. मी वाकून तिच्या तोंडाशी गाल नेला. मनगट धरलं, गळ्याला बोट लावलं. मुलानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

जीप तशीच चालली होती. पुढून सासूचा आवाज आला. अजूनही तिनं माघारी पाहिलं नव्हतं.

"का गं बाई," तिनं विचारलं, "दुकायचं थांबलं का तिचं?"

मी हो म्हणाले.